दिवस राहण्यासाठी दोघांनी खाण्यापिण्यात काय बदल करावा? मदत हवी आहे

नमस्कार. मी ३१ वर्षांची, मिस्टर ३४. कोल्हापूरजवळ राहतो. वर्ष उलटून गेलं तरी दिवस राहत नाहीत. माझी पाळी कधी पस्तीस दिवसांनी येते, कधी पन्नास. सोनोग्राफीत पीसीओएस (हार्मोन्स बिघडून अंडाशयाला होणारा त्रास) निघालं. थायरॉइडची तपासणी, टीएसएच ५.८, हिमोग्लोबिन ९.६. वजन ७२ किलो, उंची पाच फूट दोन इंच. डॉक्टरबाईंनी थायरॉइडची गोळी, लोहाची गोळी आणि फॉलिक अ‍ॅसिड सुरू केलंय आणि "वजन थोडं उतरवा, मग पुढचं बघू" असं सांगितलंय. थोडं म्हणजे किती, हे विचारेपर्यंत पुढच्या पेशंटला हाक गेली होती.

घरी पूर्ण शाकाहार, अंडंही चालत नाही. सकाळी पोहे नाहीतर उप्पीट आणि चहा, दुपारी डब्यात चपाती-भाजी, शाळेतून आल्यावर (मी शिक्षिका आहे) चहा-खारी, रात्री भात-आमटी. यात कुठे काय बदलू? सगळे आपापल्या परीनं सांगतात. सासूबाई पपई आणि तिळाला हात लावू देत नाहीत, उष्ण पडतं म्हणून. जाऊबाईंनी अळिवाचे लाडू करून दिलेत. नात्यातल्या एका काकूंनी शिवलिंगीच्या बियांची पूड आणून दिली. तिच्यात अजून काहीतरी मिसळलंय, पण काय ते कुणालाच सांगता येत नाही. कुणाच्याही मनात वाईट नाही, ते मला कळतं. पण सगळ्यांचं लक्ष माझ्याच ताटाकडे आहे, आणि ते मला खुपतंय.

मिस्टर फाउंड्रीत भट्टीपाशी काम करतात, एक आठवडा सोडून रात्रपाळी. झोप येऊ नये म्हणून तंबाखूचा मावा खातात. त्यांची एकही तपासणी झालेली नाही. घरात विषय काढला की "त्याला काय झालंय, धडधाकट आहे" एवढंच उत्तर येतं. ते स्वतः नाही म्हणत नाहीत, लाजतात फक्त. भट्टीच्या धगीचा आणि माव्याचा याच्याशी खरंच संबंध असतो का? आणि वजन उतरेपर्यंत थांबायचं तर किती? जाणकारांनी, यातून गेलेल्यांनी कृपया सांगा.

रानजाई
ताई, मी आहारतज्ज्ञ आहे. आधी वजनाचं सांगते. आहे त्या वजनाच्या ५ ते १० टक्के, म्हणजे तुमचे साडेतीन ते सात किलो. पीसीओएस असलेल्या बऱ्याच जणींची पाळी तेवढ्यानंच सुधारते, कारण शरीरातलं वाढलेलं इन्सुलिन खाली येतं आणि अंडाशयातून अंडं (स्त्रीबीज) सुटायला लागतं. त्यासाठी उपाशी राहू नका. तुमच्या दिवसभराच्या खाण्यात पीठ आणि भातच जास्त आहे, डाळ-उसळ फार थोडी. पोह्यात मूठभर मोडाची मटकी घाला, डब्यात रोज उसळ किंवा पनीर, संध्याकाळी खारीऐवजी फुटाणे-शेंगदाणे, रात्री भात निम्मा करून ज्वारीची भाकरी, घट्ट पिठलं, ताक. जेवल्यावर वीस मिनिटं चाला. आठवड्यातून दोनदा तरी जोर लागेल असा व्यायाम हवा.

हिमोग्लोबिन ९.६ नुसत्या खाण्यानं भरून यायचं नाही, लोहाची गोळी सोडू नका. अळीव चांगलेच, पण लाडवात गूळ-तूपही भरपूर जातं. त्यापेक्षा चमचाभर अळीव लिंबूपाण्यात भिजवून घ्या. जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा नको, चहानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. थायरॉइडची गोळी आणि लोहाची गोळी यांत चार तासांचं अंतर ठेवा, हे फार जणींना कुणी सांगतच नाही. शाकाहारी आहात, तेव्हा बी-१२ तपासून घ्या. साखरही तपासा.

पिकलेल्या पपईनं किंवा भाजीत घातलेल्या तिळानं दिवस राहायचे थांबत नाहीत. ती पूड मात्र बंद करा. आत काय आहे हेच ठाऊक नसेल तर ती पोटात जायला नको. फॉलिक अ‍ॅसिड आधीपासून सुरू आहे हे उत्तम. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत मिटते, तोवर पुष्कळदा बाईला दिवस गेल्याचा पत्ताही नसतो.

पंचगंगा
वहिनी, मी पण फाउंड्रीतलाच, म्हणून लिहितोय. संबंध आहे. वृषणांना शरीरापेक्षा दोन-चार अंश कमी तापमान लागतं, म्हणून निसर्गानं ती बाहेर ठेवलीत. रोज तासन् तास धगीपुढे उभं राहिलं की शुक्राणूंवर परिणाम होऊ शकतो. तंबाखू ओढा नाहीतर चघळा, तीही शुक्राणूंची संख्या आणि हालचाल बिघडवते. दादांना सांगा, वीर्यतपासणी म्हणजे सगळ्यात सोपी तपासणी, सुई नाही की काही नाही. आधीच्या वीर्यपतनानंतर दोन ते सात दिवसांचं अंतर ठेवून नमुना द्यायचा. एका मिलिलिटरला १.६ कोटींच्या वर संख्या असली तर ठीक धरतात, पण हालचालही बघतात.

शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे आज मावा सोडला तर फरक दिसायला तीन महिने धरा. सुपरवायझरशी बोलून काही दिवस मोल्डिंगकडे बदली मिळते का बघा. मला मागितल्यावर मिळाली होती. मावा सोडायला सरकारची मोफत लाइन आहे, १८०० ११ २३५६. लाजण्यासारखं यात काहीच नाही, हे माझ्याकडून सांगा त्यांना.

सोनचाफा
बाळा, वर्ष झालंय ना, मग आता दोघांच्या तपासण्या एकदमच करून घ्या. वजन उतरवणं आणि तपासणी या गोष्टी बरोबरीनं चालू शकतात. पाळी लांबत असेल तर चौदाव्या दिवसाचं गणित तुला लागू नाही. अंडं साधारण पुढच्या पाळीच्या चौदा दिवस आधी सुटतं, म्हणजे पन्नास दिवसांच्या चक्रात छत्तिसाव्या दिवसाच्या आसपास. तारखा मोजत बसू नका, दर दोन-तीन दिवसांनी एकत्र या. तीन-चार महिन्यांत पाळी सुधारली नाही तर अंडं सुटायच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचार. पुढच्या वेळी प्रश्न कागदावर लिहून ने, आणि जावईबापूंना सोबत घेऊनच जा.

धागाकर्ती
तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. पंचगंगादादांचा प्रतिसाद मिस्टरांना वाचायला दिला. सुट्टीच्या दिवशी लॅबमध्ये जायचं कबूल केलंय त्यांनी. रानजाईताई, एक राहिलंच. थायरॉइडची गोळी मी सहाला उठल्या उठल्या घेते आणि लगेच चहा होतो. चालतं का?

रानजाई
नाही, मध्ये अर्धा ते एक तास जाऊ द्या. गोळी फक्त पाण्याबरोबर. सहा आठवड्यांनी टीएसएच परत करा, आणि गर्भधारणेचा प्रयत्न चालू आहे हे डॉक्टरांना सांगून डोस ठरवून घ्या. अशा वेळी बरेच डॉक्टर टीएसएच २.५ च्या खाली ठेवतात.