होल्डिंग कंपनी: धारक, पालक की सूत्रधारी?

शब्दवेडी

अमेरिकेतल्या एका बँकसमूहावरच्या लेखाचं भाषांतर करते आहे. ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरातून वाढलेला 'बँक वन' समूह. लेखात दर दोन ओळींमागे 'बँक होल्डिंग कंपनी' येतं. आधी 'धारक' लिहिलं, मग 'पालक' करून पाहिलं. आणि 'रीजनल'ला 'प्रादेशिक' चालेल ना? माझं सध्याचं वाक्य असं आहे: "या प्रादेशिक धारक बँकेने 1968 मध्ये मॅन्सफिल्ड येथे शाखा उघडली आणि तिच्या विस्ताराला सुरुवात झाली." वाचताना खटकतंय, पण बोट नेमकं कुठे ठेवावं ते कळत नाही.

खडूस वाचक

'धारक' नको. बँकेच्या मराठीत धारक म्हटलं की चेकवरचा 'धारकास' आठवतो, नाहीतर खातेधारक आणि भागधारक. 'पालक' म्हटलं की पालकसभा. दोन्ही बाद.

निवृत्त मुनीम

शब्द तयार आहे, नवा पाडायची गरज नाही. 2005 साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचं विभाजन झालं. महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण निघाल्या, आणि या तिघींच्या वर जी चौथी कंपनी बसवली तिचं अधिकृत मराठी नाव 'सूत्रधारी कंपनी'. ती वीज तयार करत नाही, वाहून नेत नाही, बिलंही पाठवत नाही. बाकीच्या कंपन्यांची मालकी तिच्याकडे असते. होल्डिंग म्हणजे तेवढंच: दुसऱ्या कंपन्यांचे शेअर हातात ठेवणं.

पण ताई, तुमच्या वाक्यातला खरा घोळ 'धारक'मध्ये नाही, 'शाखा'मध्ये आहे. मॅन्सफिल्डला शाखा उघडता आली असती तर या मंडळींनी होल्डिंग कंपनी काढलीच नसती.

त्या काळी ओहायोत बँकेला आपल्या काउंटीबाहेर शाखा काढायला कायद्यानं बंदी होती. काउंटी म्हणजे आपल्याकडचा साधारण जिल्हा समजा. कोलंबसची सिटी नॅशनल बँक, म्हणजे 'बँक वन'चं मूळ, फ्रँकलिन काउंटीतली, मॅन्सफिल्ड रिचलंड काउंटीत. सिटी नॅशनलची सूत्रं मॅकॉय घराण्याकडे होती. वडील जॉन एच. 1935 मध्ये अध्यक्ष झाले, पुढे मुलगा जॉन जी., मग नातू जॉन बी. बँक हुशार. बँकअमेरिकार्ड हे क्रेडिट कार्ड कॅलिफोर्नियाबाहेर देणाऱ्या पहिल्या बँकांपैकी ही, 1966 साली. पण कितीही हुशारी केली तरी वाढायची ती काउंटीच्या वेशीपर्यंतच.

तेव्हा बँकेनं वेस ओलांडण्याऐवजी वेगळी कंपनी स्थापन केली, 'फर्स्ट बँक ग्रूप ऑफ ओहायो'. 1968 मध्ये या कंपनीखाली सिटी नॅशनल आली आणि मॅन्सफिल्डची फार्मर्स सेव्हिंग्ज अँड ट्रस्टही. असा व्यवहार बहुधा शेअरच्या अदलाबदलीनं होतो. लहान बँकेचे भागधारक आपले शेअर कंपनीला देतात आणि बदल्यात कंपनीचे घेतात. बँकेचा परवाना, संचालक मंडळ, ठेवी, काउंटरवरची माणसं जिथल्या तिथे राहतात. कायद्याच्या नजरेत मॅन्सफिल्डची बँक मॅन्सफिल्डचीच. मालक तेवढा बदलला. म्हणून 'शाखा उघडली' लिहिलंत तर सगळ्या कथेचा कणाच मोडतो.

तसंच 'धारक बँक' हेही चूक. होल्डिंग कंपनी स्वतः बँक नसते.

तिकडचा इकडचा

कोलंबसहूनच लिहितोय. मुनीमकाकांनी शेवटी जे म्हटलं, 'स्वतः बँक नसते', त्यातूनच या समूहाच्या नावाचं विचित्र स्पेलिंग आलं. जी संस्था स्वतः बँक नाही तिला ओहायोच्या कायद्यानं नावात 'बँक' शब्द वापरता येत नव्हता. म्हणून कंपनीच्या नावातल्या 'बँक'च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी 'के'ऐवजी 'सी' घातला, Bank चं Banc. 1979 मध्ये नाव बदलून 'बँक वन कॉर्पोरेशन' केलं तेव्हाही 'सी'च. तिच्या मालकीच्या बँका मात्र 'के'वाल्या: बँक वन कोलंबस, बँक वन मॅन्सफिल्ड वगैरे. एका अक्षरावरून कळायचं की हे पत्र मालकाकडून आलंय की बँकेकडून.

देवनागरीत दोन्हींचं 'बँक वन'! त्यामुळे ताई, कंपनीच्या नावाला 'कॉर्पोरेशन' आणि बँकेच्या नावाला गावाचं नाव कायम चिकटवून ठेवा, नाहीतर तिसऱ्या पानावर वाचकाला कोण कोणाचं ते कळणार नाही. 1998 मध्ये शिकागोच्या फर्स्ट शिकागो एनबीडी या बँकसमूहाशी विलीनीकरण झालं, मुख्यालय तिकडे गेलं आणि नव्या कंपनीनं 'के' घेतला. लेखाचा शेवटचा भाग त्यानंतरचा असेल तर तिथे हा फरकच उरत नाही.

खडूस वाचक

'सूत्रधारी' मान्य, कुरकुरत. हल्ली पेपरात सूत्रधार सापडतो तो दरोड्याचा नाहीतर पेपरफुटीचा, आणि तोही 'मुख्य सूत्रधार फरार' असा. वाचकाला वाटेल कोलंबसला काही काळंबेरं चाललंय. दुसरं म्हणजे, सूत्रं खरंच कोलंबसच्या हातात होती का? काका म्हणतात संचालक मंडळ गावातलंच. मग सूत्र कसलं?

निवृत्त मुनीम

प्रश्न चांगला आहे. 'सूत्रधारी'मधला ईकार तुम्हाला वाचवतो. दरोड्याच्या बातमीत कुणी 'सूत्रधारी' लिहीत नाही.

सूत्राचं म्हणाल तर सुरुवातीला ते बरंच सैल होतं, आणि तेही ठरवून. कर्ज कुणाला द्यायचं, नोकरीवर कुणाला घ्यायचं, गावात कशाला देणगी द्यायची हे त्या त्या बँकेचा अध्यक्ष ठरवी. कोलंबसकडे संगणक, हिशेब आणि आकडे. या मांडणीला ते 'असाधारण भागीदारी' म्हणत. पण मेख आकड्यांत होती. प्रत्येक बँकेचे निकाल ठरावीक नमुन्यात कोलंबसला जात आणि ते बाकीच्या अध्यक्षांनाही दिसत. आपली बँक यादीत खाली घसरलीय हे शेजारच्या गावातल्या अध्यक्षाला कळतंय, याहून वेगळा दट्ट्या कशाला हवा? हुकूम नाही, तरी दोर आहेच. मला तर 'नियंत्रक'पेक्षा 'सूत्रधारी' इथे जास्त चपखल वाटतो. पुढे नव्वदीच्या दशकात कारभार एकत्र आणायला लागले तेव्हा दोर ताणला गेला.

जॉन जी. यांच्यापासूनची एक शिस्त होती: आपल्या एक तृतीयांशापेक्षा मोठी बँक विकत घ्यायची नाही. म्हणजे घास गिळता आला पाहिजे. शिकागोचं विलीनीकरण म्हणजे बरोबरीच्या दोघांचं लग्न. तो नियम तिथे कुठला टिकायला! त्याच्या आदल्याच वर्षी फर्स्ट यूएसए ही क्रेडिट कार्ड कंपनी घेतली होती, तिचा धंदा 1999 मध्ये गडगडला आणि वर्षअखेर जॉन बी. पायउतार झाले. 2000 मध्ये त्यांच्या जागी प्रमुख म्हणून जेमी डायमन आले, 2004 मध्ये सगळा समूह जेपीमॉर्गन चेसमध्ये गेला.

तिकडचा इकडचा

गेला खरा, पण शहराच्या उत्तरेला पोलॅरिसमध्ये चेसचं जे अवाढव्य कार्यालय आहे ते 'मॅकॉय सेंटर' म्हणूनच ओळखलं जातं.

शब्दवेडी

काका, 'शाखा' काढून टाकली. पण 'प्रादेशिक'चं राहिलं. आमच्याकडे प्रादेशिक बँक म्हटलं की सरळ ग्रामीण बँक डोळ्यांपुढे येते.

निवृत्त मुनीम

येणारच. आपल्या प्रादेशिक ग्रामीण बँकेत भांडवल केंद्राचं 50 टक्के, प्रायोजक बँकेचं 35 आणि राज्याचं 15. उदाहरणार्थ महाराष्ट्र ग्रामीण बँकेची प्रायोजक बँक ऑफ महाराष्ट्र. गंमत म्हणजे अमेरिकेच्या 1956 च्या बँक होल्डिंग कंपनी कायद्यात 25 टक्के मतं हाती असली की ताबा मानला जातो. ती मोजपट्टी इकडे लावली तर प्रायोजक बँकेचा ताबा मानला गेला असता!

तिकडच्या 'रीजनल'ला मात्र वेगळा इतिहास आहे. त्याच 1956 च्या कायद्यात सिनेटर पॉल डग्लस यांची दुरुस्ती होती. होल्डिंग कंपनीला दुसऱ्या राज्यातली बँक घ्यायची तर त्या राज्याच्या कायद्यानं स्पष्ट मुभा दिलेली हवी. वर्षानुवर्षं कुणी दिलीच नाही. पुढे शेजारशेजारच्या राज्यांनी आपसांत करार केले: तुमच्या बँका आमच्याकडे येऊ द्या, आमच्या तुमच्याकडे. न्यूयॉर्कच्या बड्यांना मात्र दार बंद. हे घटनेला धरून आहे का, असा खटला न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांवरून तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1985 मध्ये करार वैध ठरले. या कुंपणाआड जे समूह पोसले ते रीजनल. 'बँक वन' याच काळात इंडियाना, विस्कॉन्सिन असं पसरत गेलं. (1989 मध्ये टेक्सासमधल्या बुडालेल्या एमकॉर्पच्या बँका मिळाल्या, पण तो बुडीत बँका निस्तरण्याचा वेगळा मामला.) 1994 च्या कायद्यानं राज्यांच्या सीमा मोकळ्या केल्या आणि कुंपणच गेलं.

तर इथे 'रीजनल' म्हणजे लहान नाही, ग्रामीण तर नाहीच. मी 'आंतरराज्य प्रादेशिक' असं लिहीन. पण 1968 च्या वाक्यात तेही नको, तेव्हा सगळा व्यवहार एकट्या ओहायोतला होता.

शब्दवेडी

मग असं करते: "1968 मध्ये कोलंबसची सिटी नॅशनल बँक आणि मॅन्सफिल्डची फार्मर्स सेव्हिंग्ज अँड ट्रस्ट या दोन बँका एका सूत्रधारी कंपनीच्या मालकीखाली आल्या, दोन्हींचे कारभार मात्र वेगळेच राहिले."

खडूस वाचक

'मालकीखाली' नको, 'मालकीच्या झाल्या' करा. बाकी छापा.