मदत हवी आहे: मानेच्या एमआरआयमध्ये टॉन्सिलचा उल्लेख

डाव्या हाताला मुंग्या येत होत्या म्हणून मानेच्या मणक्याचा एमआरआय केला, कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) न देता. मणक्याचं निदान झालंय, व्यायाम सुरू आहेत, तो प्रश्न नाही. प्रश्न रिपोर्टच्या शेवटच्या ओळीचा आहे. उजवा पॅलाटाइन टॉन्सिल (म्हणजे घशातला नेहमीचा टॉन्सिल) डाव्यापेक्षा मोठा दिसतो, प्रत्यक्ष तपासणीशी ताडून पाहावे, असं लिहिलंय. माप नाही. मानेतल्या लिम्फ नोड्सबद्दल (लसिका ग्रंथींबद्दल) एक शब्द नाही. म्हणजे त्या ठीक आहेत की पाहिल्याच नाहीत, कोण जाणे.

वय ४६. तंबाखू, सिगारेट कधीच नाही. गिळायला त्रास नाही, कान दुखत नाही, वजन स्थिर, मानेत गाठ हाताला लागत नाही. स्कॅनच्या १० दिवस आधी मात्र घसा चांगलाच धरला होता. टॉर्च मारून आरशात पाहिलं तर मला दोन्ही बाजू सारख्याच वाटल्या, पण माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही.

(नेटवर '५ मिमी खाली उतरलेले टॉन्सिल' वाचून अर्धी रात्र जागलो. ते लहान मेंदूच्या टॉन्सिल नावाच्याच भागाबद्दल निघालं, घशातल्या नाही!)

मणक्याचे डॉक्टर म्हणाले, ईएनटीला दाखवा. वेळ ३ आठवड्यांनंतरची मिळाली आहे.

ईएनटी किंवा रेडिओलॉजीतलं कुणी असेल तर सांगा: अशा लक्षणांविना ३ आठवडे थांबणं ठीक आहे का? आणि तोवर रेडिओलॉजिस्टकडून त्याच स्कॅनवरून दोन्ही टॉन्सिलची मापं आणि नोड्सची स्थिती लिहून मागता येते का, की मणक्याच्या एमआरआयमध्ये तेवढं नीट दिसतच नाही?