अनुभव धागा : सायमन, गारफंकल आणि मधेमधे डिलन

पॉल सायमन आणि आर्ट गारफंकल ही अमेरिकन गायकजोडी, न्यूयॉर्कच्या क्वीन्समधले शाळासोबती. १९५७ मध्ये 'टॉम अँड जेरी' नावानं त्यांचं एक गाणं थोडंफार चाललं, मग बरीच वर्षं सामसूम. पुढे नाव झालं ते गायक-गीतकार बॉब डिलनच्याच रेकॉर्ड कंपनीत, कोलंबियात. तुम्हाला ही मंडळी कशी भेटली? चरित्र नको, स्वतःचं लिहा.

मुंबईकर, निवृत्त
काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून कॅसेट आणली होती. 'साउंड ऑफ सायलेन्स' मला ड्रमसकटच पाठ. पुढे १९६४ चा मूळ अल्बम ऐकला तर नुसती गिटार आणि दोन गळे! तो अल्बम आपटला आणि सायमन इंग्लंडला निघून गेला. मग जून १९६५ मध्ये निर्माता टॉम विल्सननं या दोघांना न विचारताच या गाण्यावर इलेक्ट्रिक गिटार, बास, ड्रम चढवले. हाच विल्सन तेव्हा डिलनचं 'लाइक अ रोलिंग स्टोन' करत होता. जानेवारी १९६६ मध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर. मुलगी म्हणते साधंच बरं. मी ड्रमवाला.
त्याच पहिल्या अल्बमात त्यांनी डिलनचं 'द टाइम्स दे आर अ-चेंजिंग' गायलंय. इस्त्री केल्यासारखं. डिलनचा चुरगळलेलाच सदरा बरा.

गिटारवाला, पुणे
सरांनी सायमन-गारफंकलचं 'स्कारबरो फेअर' शिकवलं, कॅपो (सूर चढवायला तारांवर लावायचा चिमटा) सातव्या फ्रेटवर. नंतर डिलनचं 'गर्ल फ्रॉम द नॉर्थ कंट्री' माझं मी बसवायला घेतलं, तर त्यातली प्रेयसीला निरोप धाडायची ओळ तीच! सरांना विचारलं तेव्हा कळलं, दोघांचा झरा एक: लंडनचा लोकगायक मार्टिन कार्थी. डिलन १९६२ च्या शेवटी तिथे गेला, कार्थीकडून हेच जुनं लोकगीत ऐकलं आणि त्यातून स्वतःचं वेगळंच उभं केलं. सायमननं जुनंच ठेवलं, मांडणी कार्थीच्या वळणाची, आणि त्यात दुसरी चाल गुंफली. अल्बमवर कार्थीचं नाव मात्र नाही. हे कार्थीला बरीच वर्षं सलत होतं. अखेर २००० साली लंडनच्या कार्यक्रमात सायमननं त्याला मंचावर बोलावून हेच गाणं सोबत गायलं. मी अजूनही दोन्ही गाणी लागोपाठ वाजवतो, ऐकणाऱ्यांना आधी काही सांगत नाही. चेहरे बघण्यासारखे होतात.

लिव्हरपूलहून
विडनेस स्टेशनवर 'होमवर्ड बाउंड'ची पाटी आहे. सायमनला गाणं तिथे सुचलं म्हणतात. पावसात गाडी उशिरा आली की मलाही घर आठवतं, गाणं मात्र सुचत नाही!

नागपूरकरीण
सायमन-गारफंकलचं 'द बॉक्सर' डिलनच्या आवाजात ऐकलंय का कुणी? त्याच्या १९७० च्या 'सेल्फ पोर्ट्रेट' अल्बममध्ये आहे. दोन्ही आवाज त्याचेच, आणि ते एकमेकांशी जुळतच नाहीत. नवरा म्हणाला, "बंद कर बाई." मला आवडतं. आणि त्याआधी १९६६ मध्ये सायमननं एका गाण्यात डिलनची नक्कल करून घेतली होतीच की, म्हणजे फिटंफाट.

न्यू जर्सीहून
१९९९ च्या उन्हाळ्यात सायमन आणि डिलन एकत्र दौऱ्यावर होते. मी नुकताच इकडे आलेलो, मित्रानं ओढून नेलं. दोघांनी 'साउंड ऑफ सायलेन्स' सोबत गायलं. डिलन ओळ कुठे सोडेल याचा नेम नाही, सायमन त्याच्या तोंडाकडे बघत सांभाळून घेतोय. गारफंकलची उणीव भासली, खोटं कशाला बोलू. तरी तिकिटाचे पैसे वसूल.

गिटारवाला, पुणे
@नागपूरकरीण, 'बॉक्सर'बाबत मी तुमच्या नवऱ्याच्या बाजूनं.