सेकंडहँड कॅमेरा आणि एक्स्पोजरच्या भानगडी : सोलापूरकरांनो, अनुभव लिहा

भाच्यानं ओळखीतून जुना निकॉन घेतलाय. बॉडी चकाचक, लेन्सला बुरशी नाही. पण फोटो एक बरा, एक काळवंडलेला, एक पांढराफटक. विकणारा म्हणतो, "माझ्याकडे नीट चालत होता." पुण्याला दुरुस्तीला धाडण्याआधी इथं विचारतोय. नुसतं 'सर्व्हिस सेंटरला दाखवा' नको. तुम्ही काय तपासलं, काय सापडलं, ते लिहा.

जुळे सोलापूर

तोच क्रम परत परत येतोय का? मग ते ब्रॅकेटिंग आहे, म्हणजे कॅमेरा मुद्दामच ओळीनं कमी-जास्त उजेडाचे फोटो काढतो. विकणारा खोटं बोलत नसावा. निकॉनमध्ये कॅमेरा बंद केला तरी ते तसंच राहतं. बीकेटी बटण धरून शून्यावर आणा.

माझा डी९० सगळेच फोटो जरा अंधारे काढायचा. हिरव्या ठिपक्याची दोन बटणं दोन सेकंदांहून जास्त दाबून रिसेट केला, तरी तेच. त्या रिसेटनं कस्टम सेटिंग्जना हातच लागत नाही, आणि तिथंच 'फाइन ट्यून ऑप्टिमल एक्स्पोजर' नावाची जागा आहे. तिथं बदल केला तर उजेड कमी-जास्त केल्याचं प्लस-मायनसचं चिन्हसुद्धा कुठं दिसत नाही! आधीचा मालक लग्नांचे फोटो काढायचा. शालूचा जरीकाठ फोटोत पांढराफटक होऊ नये म्हणून त्यानं कायमचं खाली ओढून ठेवलं होतं. आता जुना कॅमेरा हातात आला की मी आधी कस्टम सेटिंग्जच रिसेट करतो.

होटगी रोड

स्क्रीनचा ब्राइटनेस बघितलात का? आमच्याकडे तो शेवटाला नेलेला होता, त्यामुळे काळे फोटोही छान दिसायचे. स्क्रीनवर भरवसा नको, हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) बघा.

शुक्रवार पेठ

सगळे सेटिंग सेटिंग म्हणलालेत, पण खरी मोडतोड बी असते की. आमच्या धंद्यात दहा हातांतून फिरलेल्या लेन्सा येतात. त्याला माझी परीक्षा सोपी आहे, सोलापूरच्या उन्हाला पैसे पडत नाहीत. दुपारी स्वच्छ उन्हात मॅन्युअल मोडवर आयएसओ १००, एफ १६ (लेन्सचं भोक बारीक), शटर १/१००. भिंतीचा एक फोटो. मग तीच भिंत एफ ४ (भोक मोठं), शटर १/१६०० वर. उजेड तेवढाच, म्हणून दोन्ही फोटो सारखेच यायला पाहिजेत.

दोन्ही नीट आले आणि ऑटोत बिघडत असेल तर मीटरिंग (कॅमेरा उजेड कसा मोजतो ते) नाहीतर कॉम्पेन्सेशन (उजेडाचं प्लस-मायनस) बघा. एफ ४ नीट आणि एफ १६ पांढराफटक, तर लेन्सच्या पात्या बंद होईनात. तेल उतरून चिकटतात, नाहीतर मागची बारकी पट्टी वाकलेली असते. लेन्स काढून ती पट्टी नखानं हळूच सरकवून सोडा, पात्या चटकन मिटल्या पाहिजेत. रेंगाळल्या तर समजा. निकॉनच्या जुन्या लेन्सला ही पट्टी असते, कॅननच्या ईएफला नाही, तिथं सगळं विजेवर चालतं.

भाच्याचा मामा

ब्रॅकेटिंगच होतं, मिटलं. उन्हाची परीक्षाही केली. एफ ४, १/१६०० ला वरच्या बाजूला काळा पट्टा येतोय, फ्लॅश न लावता. १/२०० ला काहीच नाही.

शुक्रवार पेठ

फ्लॅश असता तर म्हणलो असतो सिंक स्पीडच्या (फ्लॅशला चालणाऱ्या शटरच्या वेगाच्या) वर गेलात. फ्लॅश नाही, म्हणजे शटरचा पडदा मागं पडलालाय. दुरुस्तीचा आकडा विचारा, कॅमेऱ्याच्या किमतीच्या जवळ गेला तर परत द्या की ओ.

विजापूर रोड

माझा कॅमेरा ठणठणीत होता, तरी घरचे म्हणाले फसलास. गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेत, अक्षता सोहळ्याचे फोटो सगळे मळकट. समोर बाराबंदीनं (पांढऱ्या अंगरख्यांनी) पांढरीशुभ्र गर्दी, आणि मीटर जे दिसेल ते मध्यम राखाडी धरतो. प्लस एक केल्यावर बाराबंदी पांढरी झाली. रात्री नंदीध्वजांच्या मिरवणुकीत उलटं: काळं आकाश जास्त, म्हणून चेहरे पांढरेफटक येतात. तिथं मायनस.

रेल्वे लाइन्स

ट्रायपॉडवर कॅमेरा, ऊन पाठीमागून, आणि तुम्ही व्ह्यूफाइंडरला डोळा लावलेला नाही, तर मागून शिरलेला उजेड मीटरला चकवतो आणि फोटो काळा येतो. भुईकोट किल्ल्यात सेल्फ टायमर लावून घरच्यांचा फोटो काढताना हे कळलं. कॅननच्या पट्ट्यावर रबराचं छोटं झाकण असतं, ते याचसाठी. जुन्या कॅमेऱ्यासोबत पट्टा मिळतच नाही, मी बोटानं झाकतो.

अक्कलकोट रोड

कॅननवाल्यांनो, मायनस करूनही फोटो उजळच राहत असेल तर ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर बंद करून बघा. सावल्या परस्पर उजळतो. आणि मंगल कार्यालयातल्या एलईडीखाली फोटो कमी-जास्त उजेडाचे येत असतील तर कॅमेऱ्याला दोष देऊ नका. आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्तातले दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/१०० नाहीतर १/५० ठेवा. वधू-वर अक्षता पडेपर्यंत उभेच असतात, तेवढ्या शटरला हलत नाहीत.