मदत हवी आहे: आबांना जंगलात बरं वाटतं, घरी आलं की पुन्हा धास्ती

नमस्कार. आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. गेल्या वर्षी आबांची (माझे वडील) अँजिओप्लास्टी झाली. आता ईसीजी, टूडी इको सगळं नॉर्मल आहे, पण मनातली धास्ती जात नाही. सारखी डाव्या मनगटावर बोटं. जेवतानासुद्धा घास हातात धरून थांबतात, नाडी बघतात, मग खातात. रात्री दचकून उठतात. मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्या चालू आहेत, थोडा फरक आहे.

दिवाळीनंतर आत्याकडे राधानगरीला गेलो, तेव्हा भाऊ सगळ्यांना दाजीपूरच्या जंगलात घेऊन गेला. आबांचं बालपण खेड्यातलं. अंजनी, हिरडा, जांभूळ ओळखत, गव्याचं शेण ताजं की कालचं यावर गाईडशी हुज्जत घालत चालले होते. हात मनगटाकडे गेलाच नाही, मी मुद्दाम बघत होते. त्या रात्री सलग झोपले. घरी आलो आणि आठवड्याच्या आत परत तेच.

आता आबा म्हणतात, "झाडांत बरं वाटतंय बघ, मग गोळ्या कशाला?" याची मला खरी भीती वाटते. त्यांना कसं समजवावं? शिवाय दाजीपूर इथनं ८० किलोमीटरच्या आसपास, पावसाळ्यात अभयारण्य बंद. रंकाळ्यावर नेलं तर गर्दीनं आणि हॉर्ननं जास्तच बिथरतात. रोज जवळच कुठं नेलं तर चालेल का? नुसतं झाडांकडे बघत बसून उपयोग होतो, की चालायलाच हवं?

प्रतिसाद

ताई, बघण्याचाही उपयोग होतो. रॉजर उलरिच यांचा १९८४ चा अभ्यास प्रसिद्ध आहे: पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. चालण्याबद्दल २०१५ मध्ये अमेरिकेत बघितलं गेलं. निसर्गात ९० मिनिटं चालून आलेल्यांच्या डोक्यात तेच तेच विचार घोळणं कमी झालं, रहदारीच्या रस्त्यावर चाललेल्यांचं नाही. रंकाळ्याला नेमकं काय होतंय ते यावरून कळेल.

इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या पाहणीत (२०१९) आठवड्याला निदान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांची तब्येत आणि मन जास्त चांगलं आढळलं, मग ती एकदम असोत की तुकड्यातुकड्यानं. अर्थात यावरून झाडांमुळंच बरं वाटलं असं सिद्ध होत नाही. पण दाजीपूर लांब म्हणून अडून बसू नका. विद्यापीठाच्या आवारात सकाळी लवकर न्या. झाडी आहे, मोर दिसतात, वाट बरीचशी सपाट आहे. पन्हाळ्याच्या चढाचं मात्र आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

गोळ्या अचानक सोडल्या तर त्रास उसळू शकतो. हे तुम्ही सांगू नका, आबांसमोर मानसोपचारतज्ज्ञांनाच सांगू दे. आणि नाडी बघण्याची सवय त्यांच्या कानावर जरूर घाला, त्यावर समुपदेशनात वेगळं काम करता येतं. रात्री फारच घाबरले तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात.