हॉवर्ड केंडलला विसरू नका

प्रशिक्षक झालेल्या लॅम्पार्ड आणि जेरार्ड या इंग्लंडच्या माजी मिडफिल्डरांकडे बघून 'मोठा मिडफिल्डर मोठा प्रशिक्षक होत नाही' असा निष्कर्ष काही जण काढतात, तो मला पटत नाही. इंग्लिश फुटबॉलमधला मिडफिल्डर आणि पुढे मॅनेजर झालेला हॉवर्ड केंडल, त्याचं नाव यायलाच हवं.

१९६४ च्या एफए कपच्या (इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा) फायनलमध्ये प्रेस्टन क्लबकडून उतरला तेव्हा त्याला अठरा वर्षंही पूर्ण नव्हती. पुढे लिव्हरपूल शहरातल्या एव्हर्टन क्लबमध्ये अ‍ॅलन बॉल, कॉलिन हार्वी आणि केंडल हे मिडफिल्डचं त्रिकूट जमलं आणि १९७० चं इंग्लिश लीगचं विजेतेपद आलं. इंग्लंडच्या मुख्य संघात मात्र त्याला एकदाही घेतलं नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

१९८१ मध्ये तो एव्हर्टनचा मॅनेजर झाला. १९८३ च्या शेवटी खुर्ची पार डळमळीत होती. मग जानेवारीत ऑक्सफर्डविरुद्ध लीग कपच्या सामन्यात ऑक्सफर्डच्या केव्हिन ब्रॉकचा बॅकपास तोकडा पडला, एव्हर्टनच्या एड्रियन हीथने तो गाठून बरोबरी साधली आणि तिथून गाडी रुळावर आली. त्याच मोसमात एफए कप, १९८५ मध्ये लीग आणि कप विनर्स कप (युरोपातल्या देशोदेशीच्या कपविजेत्यांची स्पर्धा), १९८७ मध्ये पुन्हा लीग!

जर्मनीच्या बायर्न म्युनिकविरुद्धची कप विनर्स कपची १९८५ ची सेमीफायनल जरूर बघा. गुडिसन या एव्हर्टनच्या तेव्हाच्या मैदानावर मध्यंतराला ०-१ ने मागे, शेवटी ३-१. दुसऱ्या अर्धात शार्प, ग्रे आणि स्टीव्हन यांचे गोल.

१९८५ च्या हेझेल स्टेडियममधल्या दुर्घटनेनंतर इंग्लिश क्लबांवर युरोपीय स्पर्धांची बंदी आली, त्यामुळे त्या संघाला युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग) खेळताच आला नाही. १९८७ मध्ये केंडल स्पेनच्या अ‍ॅथलेटिक बिल्बाओ क्लबला निघून गेला.