वुडी गथ्रीचा 'डस्ट बोल बॅलड्स' : यात निषेध नक्की कुठे आहे?

जुनी_तबकडी
बॉब डिलनपासून मागे मागे जात शेवटी वुडी गथ्री या अमेरिकन लोकगायकाच्या 'डस्ट बोल बॅलड्स'पाशी येऊन पोचलेय ('डस्ट बोल' म्हणजे १९३० च्या दशकात धुळीच्या वादळांनी उजाड झालेला अमेरिकेतला शेतीचा भाग). १९४० चा अल्बम, एक माणूस, एक गिटार, मधूनमधून माउथ ऑर्गन. चार-पाच वेळा ऐकला, आवडला पण. जिथे बघावं तिथे लिहिलेलं असतं की अमेरिकेतल्या निषेधाच्या गाण्यांचं मूळ इथे आहे, आणि मला मात्र त्यात निषेधच सापडत नाहीये. धूळ आली, शेत गेलं, जुनी गाडी काढली, कॅलिफोर्नियाला निघालो, पोचलो तर तिथे कोणी दारात उभं करेना. घोषणा नाही, आवाज चढत नाही. डिलनच्या 'मास्टर्स ऑफ वॉर'मधला राग कसा सरळ अंगावर येतो, तसं इथे काहीच होत नाही. नंतरच्या गाणं लिहिणाऱ्यांनी यातून नक्की काय घेतलं? कोणीतरी नीट उलगडून सांगा प्लीज.

पायवाट
आधी 'डो रे मी' परत ऐका, पण त्यामागची गोष्ट माहीत करून घेऊन. १९३६ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी आपलं शहर सोडून थेट कॅलिफोर्निया राज्याच्या हद्दीवर माणसं उभी केली होती, खिसा रिकामा दिसला की परत पाठवायचं. हे सगळे लोक अमेरिकेचेच नागरिक, ओक्लाहोमा, टेक्सस, आर्कान्सॉ इथून आलेले. आता गाण्यात गथ्री काय करतो तर वडीलधाऱ्या माणसासारखा सल्ला देतो, की बाबांनो कॅलिफोर्निया म्हणजे नंदनवन आहे खरं, पण गाठीला पैसा नसेल तर आल्या पावली परत जा. 'डो' म्हणजे तिकडच्या बोलीत पैसा, म्हणून सुरांची नावं घेत पैशाची गोष्ट. चाल एवढी हलकीफुलकी की आपण मान डोलवत असतो आणि मग एकदम लक्षात येतं की अरे, माणसाला त्याच्याच देशात अडवलंय. राग यायचा तो ऐकणाऱ्याला, गाणाऱ्याने तो आधीच वापरून टाकलेला नसतो.

आणि 'टॉकिन डस्ट बोल ब्लूज'! हे तर माझं सगळ्यात लाडकं. तो गात नाहीच, खाली दोन-तीन कॉर्ड्स चालू ठेवून बोलत राहतो, जवळपास शाहीर पोवाड्यात मध्येच गद्यात गोष्ट सांगतो तसं. शेत देऊन फोर्ड गाडी घेतली, घाटात गाडीचं काय झालं, हे सगळं सांगत शेवटी बटाट्याच्या रश्शावर येतो. रस्सा इतका पातळ की त्यातून मासिक वाचता यावं, आणि अजून जरा पातळ असता तर पुढाऱ्यांनासुद्धा आरपार दिसलं असतं! उपासमार, सरकार, सगळं एका वाटीत. हा बोलण्याचा प्रकार गथ्रीच्या आधीपासूनचा आहे, पण त्यात राजकारण असं मुरवता येतं हे पुढच्यांनी त्याच्याकडून शिकलं. डिलनच्या १९६३ च्या 'फ्रीव्हीलिन' मधलं 'टॉकिन वर्ल्ड वॉर थ्री ब्लूज' काढा, साचा तोच, विषय अणुयुद्ध.

ओसरी
पायवाट यांनी शब्दांचं सांगितलंच आहे, मी चालींचं सांगते कारण माझ्या मते तिथे जास्त मोठी शिकवण आहे. या अल्बममधल्या बऱ्याच चाली त्याच्या स्वतःच्या नाहीत. 'टॉम जोड' ही जॉन स्टाइनबेकच्या 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' या कादंबरीतली अख्खी गोष्ट, ती 'जॉन हार्डी' या जुन्या लोकगीताच्या चालीवर बसवलीये (आणि तेव्हाच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकडीच्या एका बाजूला मावेना म्हणून दोन भाग करावे लागले). 'आय एन्ट गॉट नो होम' तर चर्चमधल्या एका भजनावरून आलंय. मूळ भजन म्हणतं की हे जग माझं घर नाही, माझं घर वर स्वर्गात. गथ्री म्हणतो घर इथेच होतं, श्रीमंताने घेतलं. एवढाच बदल, पण रविवारी ते भजन म्हणणाऱ्या माणसाच्या पोटात केवढं कालवत असेल विचार करा. चाल आधीच ओठावर असली की लोक दुसऱ्या कडव्यापासून बरोबर गायला लागतात, संपावर नाहीतर छावणीत गायचं असेल तर अजून काय पाहिजे. डिलनने हे जसंच्या तसं उचललं, १९६२ मधलं 'साँग टू वुडी' हे गथ्रीच्याच '१९१३ मॅसॅकर'च्या चालीवर आहे आणि 'ब्लोइन इन द विंड'ची चाल गुलामगिरीच्या काळातल्या 'नो मोअर ऑक्शन ब्लॉक'वरून आली.

जुनी_तबकडी
दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री हेडफोन लावून 'व्हिजिलांटी मॅन' (म्हणजे कायदा स्वतःच्या हातात घेणारा माणूस) ऐकलं. पावसात इंजिनच्या शेडमध्ये झोपलेल्या माणसांना हुसकून लावतात आणि हा नुसतं विचारत राहतो, कोण हा माणूस, तुम्ही पाहिलात का त्याला, हातात बंदूक का त्याच्या. उत्तर देतच नाही. मग 'ब्लोइन इन द विंड'मधले सगळे प्रश्न आठवले आणि काटा आला अंगावर.

रानवाट
एक बाजू राहिली म्हणून लिहितोय. मला हा अल्बम फार जवळचा आहे, तरी एक गोष्ट टोचते. यातले निर्वासित म्हणजे बहुतेक ओक्लाहोमाकडचे गोरे शेतकरी. कॅलिफोर्नियाच्या मळ्यांवर त्यांच्या आधीपासून राबणारे मेक्सिकन, फिलिपिनो मजूर या गाण्यांत जवळजवळ दिसतच नाहीत. म्हणून मी हा अल्बम ऐकून झाला की नेहमी 'डिपोर्टी' ऐकतो, ते यात नाही, नंतरचं आहे. जानेवारी १९४८ मध्ये लॉस गॅटोस कॅन्यनमध्ये विमान पडलं, २८ मेक्सिकन शेतमजूर गेले, आणि बातमीत त्यांची नावं नव्हती, नुसते 'डिपोर्टी', म्हणजे देशाबाहेर पाठवले जाणारे. गथ्रीने तेवढीच गोष्ट धरली, नावं का नाहीत, आणि गाण्यात स्वतः त्यांना नावं देऊन निरोप दिला. चाल त्याची नाही, ती नंतर मार्टिन हॉफमनने लावली. फ्रेस्नोच्या दफनभूमीत ते २८ जण एकाच खड्ड्यात पुरले होते, तिथे २०१३ साली सगळ्यांची नावं कोरलेला दगड बसला.